पाचव्या टेबलाचं उत्तर

१

चौथ्या टेबलावरच्या बाईंनी उत्तर चोरलं, याबद्दल भरतीच्या साहेबांना तिळमात्र शंका नव्हती. एरवी शंका नसली की साहेबांना फार बरं वाटायचं. आज वाटत नव्हतं. दुपारचा एक वाजत आला होता, त्यांच्यासमोर दोन कागद शेजारी शेजारी पडले होते आणि ते दोन्ही अक्षराला अक्षर सारखे होते.

त्यातला एक म्हणजे सकाळच्या प्रश्नाचं नमुना उत्तर. कंपनी अवाढव्य, तिच्यात शिरायचं तर मुलाखतींच्या चार फेऱ्या. पहिल्या फेरीत पाच उमेदवार एका खोलीत बसायचे, प्रत्येकासमोर कंपनीचा लॅपटॉप, आणि दीड तासात एक छोटा प्रोग्राम लिहायचा. आजचा प्रश्न कोरा करकरीत होता. तो काढणाऱ्या एकट्या प्रश्नकर्त्यांशिवाय कुणी पाहिलेला नव्हता, आणि नमुना उत्तराचं पाकीट साहेबांनी स्वतःच्या हातानं बारा वाजता फोडलं होतं.

दुसरा कागद म्हणजे चार नंबरच्या फाइलची छापील प्रत. प्रश्नकर्त्यांनी मध्येच दोन ओळी उगाच रिकाम्या सोडल्या होत्या, त्या इथंही रिकाम्या होत्या. एक बिनकामाची ओळ ते काढून टाकायला विसरले होते, तीही इथं जशीच्या तशी होती. शहाण्या माणसांची उत्तरं सारखी येऊ शकतात, पण विसरभोळेपणा असा तंतोतंत सारखा कसा येईल, हा साहेबांचा प्रश्न होता.

त्यात भर म्हणजे पाचव्या टेबलाचं उत्तर गायब होतं. एक, दोन, तीन, चार अशा फाइली होत्या, शिवाय प्रोग्राम चालतो की नाही हे बघायला टाकलेली चाचणीची असावी अशी एक फाइल होती, ती साहेबांनी न उघडताच बाजूला सारली. पाच नंबरची फाइल मात्र कुठंच नव्हती, आणि पाचव्या टेबलावरचा चष्मेवाला माणूस निकालाला न थांबता कधीच निघून गेला होता.

साहेब काही दुष्ट नव्हते. त्यांनी बाईंना बोलावून विचारलं होतं. पण नियमाप्रमाणे तो कागद त्यांना दाखवता येत नव्हता, कारण दाखवला तर नमुना उत्तरच बाहेर जायचं. म्हणून साहेबांनी एवढंच विचारलं की हा प्रश्न तुम्ही आधी कुठं पाहिला होता. बाई म्हणाल्या, कुठंच नाही, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी त्याचा सरळ अर्थ लावला.

चार वाजता निवड समिती बसणार होती. नक्कल करणाऱ्याचं नाव तिथं एका यादीत चढायचं, आणि त्या यादीतून नाव कधी उतरत नसे. कंपनीची जेवढी म्हणून ऑफिसं होती, तेवढ्यांची दारं त्या माणसाला कायमची बंद व्हायची. नक्कलीच्या अहवालावर सही करण्यासाठी पेन उचललेल्या साहेबांनी ते खाली ठेवलं आणि निरोप धाडला, सासूबाईंना बोलवा.

२

सासूबाई हे अर्थातच त्यांचं नाव नव्हतं. त्या कंपनीत टेस्टर होत्या. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या हेच त्यांचं काम, आणि वीस वर्षं त्यांनी ते इतकं मनापासून केलं होतं की सगळ्या मजल्यानं मिळून त्यांना ही पदवी बहाल केली. कुणी काहीही करून आणलं तरी त्या नाक मुरडणार हे ठरलेलं. त्यांच्या अहवालाच्या तळाशी 'चूक सापडली नाही' असा एक चौकोन असायचा. त्यात त्यांनी बरोबरची खूण केल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. हे टोपणनाव त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

साहेबांनी सगळी हकिकत सांगितली. सासूबाईंनी दोन्ही कागद वाचले, खिडकीशी नेऊन पुन्हा वाचले, आणि बाकीच्या टेबलांचं काय झालं ते विचारलं. पहिल्या टेबलावर एक टाय लावलेले गृहस्थ होते, त्यांचं उत्तर अगदीच टाकाऊ निघालं, त्यांना घरी पाठवलं. दुसऱ्याचं अर्धवट होतं, त्यालाही पाठवलं. तिसऱ्या टेबलावरचा हेडफोनवाला मात्र हिरा निघाला. नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला पोरगा, पण आजचं सगळ्यात सुरेख उत्तर त्याचं. साहेबांना ते आठवून हसू आलं.

"नावं काय दिलीत बघा त्यानं प्रोग्राममध्ये. फडताळ, डबा, झाकण. आजकालची मुलं मोठी मजेशीर असतात," ते म्हणाले.

सासूबाई हसल्या नाहीत. फाइली गोळा कुणी केल्या, असं त्यांनी विचारलं. त्या आजपासून एका नव्या प्रोग्रामनं गोळा होत होत्या, आणि तो जावयानं लिहिला होता. जावई म्हणजे कंपनीतलाच एक तरुण प्रोग्रामर. त्याला मागच्या वर्षी दुसऱ्या कंपनीतून फार मिनतवारी करून आणलं होतं, आल्या आल्या खिडकीची जागा आणि नवी खुर्ची दिली होती, तेव्हापासून तो सगळ्यांचा जावई.

"तो प्रोग्राम माझ्याकडे तपासायला आला नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी नजर चुकवली. प्रोग्राम आपला घरगुती वापराचा, त्याला कुठं एवढी तपासणी, असं काहीसं ते पुटपुटले. शिवाय एखादी फाइल हरवली का, हे त्यांनी जावयाला फोनवर विचारलंच होतं. पाचच्या पाच आहेत, असं त्याचं उत्तर आलं. चाचणीची धरून तो पाच म्हणत असणार. तेव्हा प्रोग्रामकडून काही हरवलेलं नाही, पाचव्याची फाइल कुणीतरी मुद्दाम उडवली, हे उघड होतं.

उत्तर फोडलं असेल ते प्रश्नकर्त्यांच्या बाजूनंच, असा साहेबांचा कयास होता. पण प्रश्नकर्ते दाताच्या डॉक्टरांकडे आ वासून बसले होते आणि तीनपर्यंत त्यांचा फोन बंद होता. सासूबाईंनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या हातात अडीच तास होते.

३

चौथ्या टेबलावरच्या बाई पाहुण्यांच्या छोट्या खोलीत बसल्या होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. समोरच्या ग्लासातल्या पाण्याला त्यांनी हात लावला नव्हता. शेजारी ठेवलेला फोन सारखा थरथरत होता. धाकट्या बहिणीचा एकच निरोप पुन्हा पुन्हा येत होता, 'झालं का?'

सासूबाईंनी एकदम मुद्द्याला हात घातला नाही. सकाळी यायला त्रास झाला का, इथून त्यांनी सुरुवात केली. बाईंना चार मिनिटं उशीर झाला होता. तीन नंबरच्या खोलीत जा असं खाली सांगितलं होतं, पण रंगकामासाठी दारांवरच्या पाट्या काढलेल्या. म्हणून त्यांनी जिन्यापासून दारं मोजली आणि तिसऱ्या दारातून आत जाऊन बसल्या. ती भलतीच खोली निघाली. शेवटी स्वागतकक्षातली मुलगी येऊन त्यांना पुढच्या दारात घेऊन गेली.

"तीनपर्यंत मोजायलाही चुकले, म्हणजे बघा," बाई म्हणाल्या.

या मजल्यावर बाहेरून येणाऱ्या सगळ्यांचंच तसं होतं, असं सांगून सासूबाईंनी त्यांची समजूत घातली. मग प्रश्न कसा सोडवला ते विचारलं. प्रश्न साधा दिसणारा होता. ठरावीक जागेत माहिती साठवायची, आणि जागा भरली की नव्यासाठी जुनं काय काढून टाकायचं ते प्रोग्रामनं ठरवायचं. बाईंचा आवाज तेवढ्यापुरता बदलला. फडताळात जागा तेवढीच असते, त्या सांगू लागल्या, आणि घरात सामान तर रोज येतं. मग ज्याला सगळ्यात जास्त दिवस हात लागला नाही ते खाली काढायचं. पण त्यासाठी रोज सगळं फडताळ उपसत बसायचं नाही. ज्याला हात लागला ते तेव्हाच पुढं सरकवून ठेवायचं, म्हणजे न लागणारं आपोआप मागं जातं.

सासूबाईंना त्या बोलण्यात काहीतरी खटकलं, पण नेमकं काय ते हाती लागेना. त्यांनी तूर्त ते बाजूला ठेवलं आणि पाचव्या माणसाबद्दल विचारलं. तो पलीकडच्या कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून बसला होता, त्यामुळे त्याचा स्क्रीन कुणालाच दिसत नव्हता. पण त्याचं एक बाईंना नवल वाटलं होतं. बाकीचे सगळे डोकं खाजवत होते, आणि हा न थांबता दहा मिनिटं टाइप करत राहिला, मग खिडकीबाहेर बघत बसला. मध्येच उठून आतल्या दारानं पाणी प्यायला गेला आणि आला.

"आतल्या दारानं?" सासूबाईंनी विचारलं.

हो, काचेच्या. बाईंनीही पाण्यासाठी ते दार लोटून पाहिलं होतं, पण त्यांच्या पाहुण्याच्या पासनं ते उघडलं नव्हतं.

सासूबाई उठल्या. तेव्हा बाई पहिल्यांदा आपण होऊन बोलल्या.

"मीच कुठं वाचलं असेल का हो ते उत्तर? आणि माझ्या लक्षात नसेल? आठ वर्षं मी वडिलांच्या उशाशी बसून काढली. त्याआधी काम करायचे ते हातातून गेलं असेल असं रोज वाटायचं. सात ठिकाणी गेले, सगळ्यांनी त्या आठ वर्षांचंच विचारलं. इथं पहिल्यांदा कुणी प्रश्न सोडवायला दिला. लिहिताना वाटलं, गेलं नाहीये. आणि तासाभरात हे असं. आता तुम्ही सगळे म्हणताय, तर मलाच खात्री वाटेना."

चोराला चोरी केली का विचारलं तर तो नाही म्हणतो, हे त्यांनी बरंच पाहिलं होतं. केली नसताना केली असेल का म्हणून स्वतःलाच विचारणारा माणूस त्या पहिल्यांदा पाहत होत्या. पाणी प्या, एवढं सांगून त्या बाहेर पडल्या.

ते काचेचं दार उघडायला कंपनीच्या माणसाचा पास लागायचा. म्हणजे उमेदवारांमध्ये बसलेला पाचवा माणूस उमेदवार नव्हताच.

४

दाराची नोंद मिळवायला सासूबाईंना दहा मिनिटं लागली. चष्मेवाला वरच्याच मजल्यावर ग्राहकांच्या तक्रारी घेण्याच्या कामावर होता. सासूबाई त्याच्या टेबलाशी उभ्या राहिल्या तेव्हा तो कुणा चिडलेल्या ग्राहकाची फोनवर समजूत काढत होता. त्यांना बघताच त्यानं फोन आवरता घेतला.

तुम्ही उत्तरं तपासणाऱ्यांपैकी आहात का, हे त्यानं आधी विचारून घेतलं. नाही म्हटल्यावर तो मोकळा झाला. प्रश्नकर्त्यांची ही आजपासूनची नवी पद्धत होती. उमेदवारांत आपला एक माणूस गुपचूप बसवायचा. त्यानं नमुना उत्तर जसंच्या तसं टाइप करायचं. तपासणाऱ्यांनी त्याला पैकीच्या पैकी दिले तर तपासणी चोख, नाही दिले तर तपासणीतच खोट. साहेबांना हे कळता कामा नये, कारण कळलं तर ते नेमकं तेवढंच उत्तर जपून तपासतील.

"म्हणजे ही साहेबांची परीक्षा," सासूबाई म्हणाल्या. त्यांना ती पद्धत मनापासून आवडली.

"तसंच म्हणा. संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही अशी मला ताकीद होती," चष्मेवाला म्हणाला.

नमुना उत्तर त्यानं कुणाला दाखवलं होतं का? त्यानं खिशातून पाकीट काढून दाखवलं. कागद आत होता, सकाळपासून खिशातच होता. स्क्रीन भिंतीकडे होता. चौथ्या टेबलावरच्या बाईंशी तो एक शब्द बोलला नव्हता, उलट त्या इतक्या गढून गेल्या होत्या की त्यांचं पेन्सिलीचं टोक मोडलं तेही त्यांना कळलं नाही.

जिना उतरताना सासूबाई मध्येच थबकल्या. नमुना उत्तर पाचव्या माणसानं लिहिलं. ते सापडलं चौथ्या बाईंच्या नावावर. साहेबांचं म्हणणं मानायचं तर एकाच सकाळी दोन चमत्कार घडायला हवे होते. बाईंना ते उत्तर कुठूनतरी मिळालं हा एक, आणि पाचव्याची फाइल कुणीतरी उडवली हा दुसरा. वीस वर्षांत सासूबाईंनी हजारो चुका पकडल्या होत्या, आणि एका चुकीनं भागत असताना दोन चुका मानायच्या नाहीत हा त्यांचा शिरस्ता होता. उत्तर दोघांनी लिहिलं आणि त्यातलं एक हरवलं, असं कशाला मानायचं? एकानंच लिहिलं असेल आणि हरवलं काहीच नसेल तर?

आणि तेव्हाच, मघापासून खटकत होतं ते त्यांच्या ध्यानात आलं. फडताळ. चाळिशीच्या बाईंच्या तोंडी तो शब्द सहज आला होता. कॉलेजातून कालपरवा बाहेर पडलेल्या पोराच्या तोंडी तो आला कुठून?

५

हेडफोनवाला चहाच्या मशीनजवळ दुसऱ्या फेरीची वाट बघत उभा होता. चेहरा आनंदाचा म्हणावा तसा नव्हता. सासूबाईंनी त्याचं कौतुक केलं आणि बोलता बोलता विचारलं की एवढी छान नावं सुचली कशी, ते झाकण नेमकं कशासाठी होतं?

"कसलं झाकण?" तो म्हणाला.

सासूबाईंनी स्वतःसाठी एक कप भरून घेतला. पोरगा चहाचा कप हातात फिरवत राहिला आणि मग त्यानं मन मोकळं केलं. त्याचं उत्तर अर्ध्यावरच राहिलं होतं. तरी तुमचंच सगळ्यात उत्तम म्हणून साहेबांनी पाठ थोपटली. आधी त्याला वाटलं, मोठ्या कंपन्या अर्ध्यातूनही गुण ओळखत असतील. पण आता दुसऱ्या फेरीत त्याच उत्तरावर प्रश्न विचारणार होते, आणि दीड तास झाला, तो चहावर चहा पीत होता.

"मी फडताळ म्हणजे काय ते सुद्धा आत्ता फोनवर शोधलं. साहेब सारखे म्हणत होते म्हणून," तो म्हणाला.

तिसऱ्याचं उत्तर तिसऱ्याचं नव्हतं. चौथीचं उत्तर चौथीचं नव्हतं. सासूबाई जवळजवळ धावतच जावयाच्या खिडकीकडे निघाल्या, आणि त्यांना धावताना पाहून दोघातिघांनी आपापले प्रोग्राम घाईघाईनं बंद केले.

६

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "सकाळच्या फाइलींत तुमची चाचणीची फाइल कुठली?"

जावई नव्या खुर्चीत ताठ बसला. आपण चाचणीची फाइल मागं ठेवतच नाही, काम झालं की पुसतो, असं त्यानं जरा दुखावल्या सुरात सांगितलं. टेबलं पाच, फाइली पाच. हेच त्यानं साहेबांनाही फोनवर सांगितलं होतं.

"मग पहिल्या टेबलाची फाइल कुठल्या नंबरची?"

"शून्य," जावई म्हणाला. दुसरं काय असणार, असा त्याचा चेहरा होता.

सासूबाईंनी मान वळवून बाहेरच्या बोळाकडे पाहिलं. जिन्याजवळचं पहिलं दार, त्याची पाटी रंगकामासाठी उतरवून भिंतीशी टेकवून ठेवली होती, आणि तिच्यावर ठसठशीत शून्य होतं. या मजल्यावरचे सगळे प्रोग्रामर मोजायला शून्यापासून सुरुवात करतात, म्हणून हौसेनं खोल्यांनाही तसेच नंबर दिलेले. तीन नंबरची खोली म्हणजे चौथं दार. बाहेरचा माणूस दर वेळी चुकायचा आणि मजल्यावरचे लोक दर वेळी हसायचे. सासूबाईंनी वीस वर्षं ती दारं ओलांडली होती, म्हणूनच सकाळी बाई दार चुकल्याचं ऐकूनही त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. त्यांनी मनातल्या मनात स्वतःला चार शब्द सुनावले.

तीन वाजून पाच मिनिटांनी त्या साहेबांसमोर बसल्या आणि त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. टेबलांवरचे आकडे स्वागतकक्षातल्या मुलीनं ठेवले होते, चारचौघांसारखे एकपासून. फाइलींना नंबर दिले ते जावयाच्या प्रोग्रामनं, प्रोग्रामरांसारखे शून्यापासून. शून्य नंबरची फाइल चाचणीची समजून साहेबांनी बाजूला सारली, आणि तिथून पुढं प्रत्येकाच्या गळ्यात शेजाऱ्याचं उत्तर पडलं. चार नंबरची फाइल पाचव्या टेबलाची होती, आणि पाचव्या टेबलावर बसलेला माणूस नमुना उत्तर लिहायलाच आला होता. कुणी काही चोरलं नव्हतं, कुणी काही उडवलं नव्हतं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. प्रोग्राम लिहिणं सोडून त्यांना पंधरा वर्षं झाली होती. मग त्यांना एकदम पहिल्या टेबलावरचे टायवाले आठवले, आणि त्यांनी घाईघाईनं ती शून्य नंबरची फाइल उघडली. उत्तर चांगलं होतं, पूर्ण होतं. त्या बिचाऱ्यांना दुसऱ्याच्या टाकाऊ उत्तरापायी घरी पाठवलं होतं. दुसऱ्या टेबलाचा निकाल मात्र तोच राहिला. तेवढ्यात प्रश्नकर्त्यांचाही फोन लागला. अर्धा गाल बधिर असल्यामुळे ते फार बोलले नाहीत, पण पाचवा माणूस आपलाच असल्याचं त्यांनी कबूल केलं.

"मग आता बाईंना सांगू या," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात कधी नव्हे ती घाई होती.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "हे सगळं मी म्हणते म्हणून खरं मानू नका. आधी तपासू. आणि मला ती तीन नंबरची फाइल अर्धा तास द्या."

७

पावणेचारला साहेब, सासूबाई आणि जावई तिघंही पाहुण्यांच्या खोलीत आले. तिघांना एकदम पाहून बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी पर्स छातीशी धरली होती, आता जायला सांगणार असं समजून.

सासूबाईंनी त्यांना बसवलं. तीन नंबरची फाइल त्यांच्या हातात उलटी धरलेली होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला. तुमचा प्रोग्राम चालतो का हे बघायला तुम्ही फडताळात किती जागा ठेवल्या होत्या?

"चौदा," बाई लगेच म्हणाल्या. "वडिलांच्या गोळ्यांचा डबा आहे तसा. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. आठ वर्षं रोज भरतेय, दुसरा आकडा सुचलाच नाही. प्रत्येक खणाला झाकण. लावलेलं असलं तर गोळी घ्यायची राहिलीय, उघडं असलं तर घेतलीय."

सासूबाईंनी कागद उलटला आणि साहेबांसमोर धरला. वरून सहाव्या ओळीत चौदाचा आकडा होता, आणि त्याच्या खालच्या ओळीत झाकण.

साहेबांनी माफी मागितली. नीट मागितली, नियमाच्या आड न लपता. चूक कशी झाली ते सांगितलं, तुमचं नाव कुठल्याही यादीत गेलेलं नाही आणि जाणार नाही असं दोनदा सांगितलं. जावयाचे कान लाल झाले होते. त्यानंही माफी मागितली आणि आपला प्रोग्राम आजच सासूबाईंकडे तपासायला देतो म्हणाला. बोलण्याच्या भरात सासूबाई हा शब्द त्याच्या तोंडून त्यांच्यासमोरच निघून गेला, पण त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

बाई सगळं ऐकत होत्या, पण चेहरा अजून सुटला नव्हता. त्या कागदाकडे बघत होत्या.

"म्हणजे हे माझं," त्या हळूच म्हणाल्या. "पण ते बरोबर होतं का?"

साहेब सांगणार होते की आजचं सगळ्यात सुरेख उत्तर हेच. पण बाई सासूबाईंकडे पाहत होत्या, म्हणून ते थांबले. सासूबाईंनी गेला अर्धा तास त्या प्रोग्रामचा छळ मांडला होता. फडताळ रिकामं ठेवून पाहिलं, एकच डबा ठेवून पाहिला, एकच डबा दोनदा ठेवून पाहिला, जागा शून्य करून पाहिली. सवयीनं त्यांनी अहवालाचा कागदही भरला होता. तो त्यांनी बाईंपुढं ठेवला. तळाच्या चौकोनात खूण होती.

"चूक सापडली नाही," सासूबाई म्हणाल्या.

जावयानं पुढं वाकून तो चौकोन पाहिला, मग साहेबांकडे पाहिलं. बाईंनी तो कागद दोन्ही हातांत धरला, त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. मग त्यांनी समोरचा ग्लास उचलला आणि सगळं पाणी एका दमात संपवलं.

टायवाल्यांना साहेबांनी त्याच खोलीतून फोन लावला. ते परगावचे, अजून अर्ध्या रस्त्यात होते, तिथूनच मागं वळले. हेडफोनवाल्याला आपलं अर्धंच उत्तर परत मिळालं आणि तो सुटलो म्हणत निघाला. पुढच्या वर्षी पूर्ण करून येईन, असं त्यानं जाताना सासूबाईंना सांगितलं.

बाईंच्या अजून तीन फेऱ्या बाकी होत्या. दुसरी साडेचारला, चार नंबरच्या खोलीत. त्यांनी फोन उचलला, बहिणीच्या बारा निरोपांना मिळून एकच उत्तर लिहिलं, 'एक झालं', आणि पर्स खांद्याला लावली. दाराशी जाऊन त्या वळल्या.

"चार नंबर म्हणजे जिन्यापासून पाचवं दार ना?"

सासूबाईंनी मान हलवली. बाई बोळातून निघाल्या, आणि प्रत्येक दारापाशी त्यांचे ओठ हलताना दिसत होते. शून्यापासून मोजत त्या पाचव्या दाराशी थांबल्या आणि आत गेल्या.